आल्गार्व्हच्या सागरी गुहा : आई-बाबा आणि मुलांना घेऊन कोणती बोट घ्यावी?

सोनचाफा

नमस्कार. मेअखेरीस येथे इंग्लंडमध्ये मुलांच्या शाळेला आठवड्याची सुट्टी असते, त्या सुट्टीत आम्ही पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे आल्गार्व्हला जात आहोत. साताऱ्याहून आई-बाबा येत आहेत. त्यांचे शेंगेन व्हिसा भारतातूनच झाले आहेत, त्यामुळे तो प्रश्न उरलेला नाही. फारोला विमानाने उतरून आल्बुफैराजवळ पाच रात्री राहायचे आहे.

या प्रवासाचे मूळ कारण म्हणजे आमच्या फ्रिजवर गेली चार वर्षे लावलेले एक चित्र. वरून छताला भोक पडलेली, आत पिवळी वाळू असलेली बेनाजिलची ती प्रसिद्ध गुहा आणि त्या वाळूवर हात पसरून उभी असलेली आमची एक मैत्रीण. मुलीला अगदी तसेच छायाचित्र हवे आहे. अडचण माणसांची आहे. आई ६९ वर्षांची असून तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली. बाबा ७४ वर्षांचे असून आयुष्यभर कृष्णेत पोहल्यामुळे समुद्र ही थोडी रुंद नदी आहे अशी त्यांची ठाम समजूत आहे. मुलगी ११ वर्षांची आहे, तर मुलगा ६ वर्षांचा असून त्याला मोटारीतही उलटी होते. माझ्या यजमानांनी कयाकचा, म्हणजे स्वतः वल्हवायच्या निमुळत्या होडीचा, हट्ट धरला आहे.

मोठी कॅटामरान (दोन सांगाड्यांची रुंद बोट) घ्यावी की लहान बोट, कोणत्या गावातून निघावे आणि गुहेत उतरून किती वेळ थांबता येते, याबद्दल ज्यांनी स्वतः ही सहल केली आहे त्यांनी कृपया लिहावे.

गलबत

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर बाकीचे अवलंबून आहे. गुहेतील वाळूवर आता उतरता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील बंदर अधिकाऱ्यांनी नवे नियम लागू केले. त्यांनुसार गुहेच्या किनाऱ्यावर उतरणे आणि पोहत गुहेत जाणे, दोन्ही बंद झाले. कयाक किंवा उभ्याने वल्हवायची फळी नुसती भाड्याने घेऊन स्वतःच्या मनाने तेथे जाणेही बंद आहे. वाटाड्याबरोबरच्या गटातूनच जावे लागते. बोटी आत जातात, थोडा वेळ थांबतात आणि बाहेर पडतात. तुमच्या मैत्रिणीचे छायाचित्र त्याआधीचे असणार.

आम्ही २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेलो होतो, तेव्हा आत एका वेळी इतके कयाक, इतक्या बोटी आणि इतकी पोहणारी माणसे होती की बोटीच्या पंख्यापासून कोणाचा तरी पाय दोन हातांवर असल्याचे मी स्वतः पाहिले. त्यामुळे नियमाबद्दल माझी तक्रार नाही. मुलीला मात्र निघण्यापूर्वीच सांगून ठेवा, तेथे गेल्यावर रडारड नको.

रानवारा

आम्ही आल्बुफैराच्या मरिनातून, म्हणजे सहलीच्या बोटींच्या बंदरातून, मोठी कॅटामरान घेतली होती आणि सासू-सासरे बरोबर असल्याने तो निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते. बसायला बाक, डोक्यावर सावली, आत प्रसाधनगृह, आणि हलणे अगदी कमी. वाटेत डॉल्फिनही दिसले. अडचण एवढीच की कॅटामरान रुंद असते, ती गुहेच्या तोंडातून आत जात नाही. आम्ही बाहेरूनच काळोख्या कमानीकडे पाहिले, ध्वनिक्षेपकावरून तीन भाषांत माहिती ऐकली आणि परतलो. काही मोठ्या बोटी तेथे पोहोचल्यावर प्रवाशांना लहान बोटीत घेऊन आत नेतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी हे स्पष्ट विचारून घ्यावे. आम्ही विचारले नव्हते.

दर्यावर्दी

माझे बालपण देवबागला गेले असून आमच्या घरी अजूनही होडी आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

सर्व जण बोट कोणती हे विचारतात, पण गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसासाठी पहिला प्रश्न बोटीत चढायचे कोठून हा असतो. बेनाजिलच्या पुळणीवरून आणि कार्व्हुएरोच्या पुळणीवरून सुटणाऱ्या लहान बोटी गुहेच्या सर्वांत जवळ आहेत, पण तेथे धक्का नाही. वाळूवरून चालत, बहुतेक वेळा घोटाभर किंवा गुडघाभर पाण्यातून जाऊन, लाट ओसरण्याच्या क्षणी बोटीच्या काठावरून पाय आत टाकावा लागतो. आपल्याकडे तारकर्लीला डॉल्फिन पाहायला नेणाऱ्या होडीत चढताना जी कसरत होते, तीच. त्याउलट पोर्तिमांवच्या किंवा आल्बुफैराच्या मरिनात तरंगता धक्का असतो. भरती-ओहोटीबरोबर तो वरखाली होतो, त्यामुळे बोटीचा काठ आणि धक्का जवळपास एका पातळीत राहतात. आईंसाठी तेथूनच निघा, आणि बोट मात्र गुहेत शिरणारी लहान घ्या.

दुसरे, वेळेविषयी. आल्गार्व्हचा हा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, म्हणून अटलांटिकच्या वायव्येकडून येणाऱ्या मोठ्या लाटांपासून तो बऱ्यापैकी आडोशाला आहे. पण आग्नेयेकडून वारा सुटला, ज्याला तेथील लोक लेव्हान्त म्हणतात, की हाच किनारा खवळतो आणि बोटी रद्द होतात. एरवीही दुपारनंतर वारा वाढतो. सकाळी पहिली किंवा दुसरी फेरी धरा, आणि ती पाच दिवसांतील पहिल्याच दिवसाची घ्या, म्हणजे रद्द झाली तरी हाताशी दिवस उरतात. उधाणाच्या दिवसांत तेथे भरती-ओहोटीतील फरक तीन मीटरहून अधिक असतो. ऐन भरतीला गुहांची तोंडे ठेंगणी होतात आणि काही लहान गुहांत तांडेल बोट घालतच नाही. अर्ध्या ओहोटीला सर्वांत चांगले.

तिसरे, मुलाला बोट लागण्याविषयी. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाला, मुळीच बसवू नका. मागच्या बाजूला, मधोमध, चेहऱ्यावर वारा येईल असे बसवा आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. पोट रिकामेही नको आणि भरलेलेही नको. आलेपाक जवळ ठेवा. बोट चालू असताना त्रास कमी होतो आणि गुहेबाहेर आपली पाळी येण्याची वाट पाहत ती जागच्या जागी डोलत राहते, तेव्हा वाढतो.

तिरफळ

यजमानांच्या कयाकचे काय झाले याची आम्हांला अधिक उत्सुकता आहे.

भूस्तर

गलबत यांनी नियम सांगितलेच आहेत, मी छताच्या भोकाविषयी लिहितो, कारण मुले ते हमखास विचारतात.

हा किनारा मायोसीन काळातील, म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या, चुनखडीचा आहे. उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या शंखशिंपल्यांचा तो दगड असल्याने कड्यात जागोजागी शिंपल्यांचे ठसे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. चुनखडीवर दोन बाजूंनी काम चालते. खालून लाटा कड्याचा पाया कोरतात. वरून पावसाचे किंचित आम्ल पाणी भेगांतून झिरपत चुना विरघळवते आणि उभ्या विहिरीसारखे पोकळ खड्डे तयार करते. पोर्तुगीज भाषेत अशा खड्ड्याला आल्गार म्हणतात, आणि बेनाजिलच्या गुहेचे तेथील नावही आल्गार द बेनाजिल असेच आहे. वरची विहीर आणि खालची गुहा एकमेकींना भेटल्या की छताला डोळा पडतो. पुढे छत पूर्ण कोसळले की कमान उरते, कमान पडली की पाण्यात एकटा सुळका उरतो. मारिन्याच्या पुळणीपासून बेनाजिलपर्यंतच्या थोडक्या अंतरात या सर्व अवस्था ओळीने दिसतात, म्हणून माझ्या मते केवळ एका गुहेसाठी नव्हे, तर त्या सबंध पट्ट्यासाठी बोट घ्यावी.

आपल्या सह्याद्रीचा काळा दगड पाण्यात असा विरघळत नाही, त्यामुळे कोकणात समुद्राने कोरलेल्या कपारी सापडतात, पण वरून डोळा पडलेले असे घुमट सापडत नाहीत.

पैंजण

बोट लागण्याविषयी माझा एक अनुभव. तीन वर्षांपूर्वी आम्ही लहान रबरी बोटीतून गेलो होतो. बरोबर माझ्या आत्या होत्या, ज्यांना मराठीशिवाय एकही भाषा येत नाही. गुहेबाहेर थांबलो असताना एका परदेशी मुलीचा चेहरा पांढरा पडला. तांडेलाने मागे वळून मदतनिसाला ओरडून काही तरी सांगितले, ज्यातला एकच शब्द आत्यांना कळला. त्यांनी पायाशी असलेली बादली उचलून त्या मुलीपुढे धरली. मदतनीस अजून जागचा हललाही नव्हता. तो शब्द होता ‘बाल्द’. आत्या परत आल्यावर सर्वांना सांगत होत्या की पोर्तुगीज सोपी आहे, ते लोक फक्त शेवट खातात.

मात्रा_वेलांटी

पैंजण यांच्या आत्यांचे निरीक्षण अचूक आहे. बादली हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आला. पाव, बटाटा, चावी, पगार, फीत, घमेले, अननस, आणि ज्याच्याशिवाय आपला उन्हाळा पूर्ण होत नाही तो हापूससुद्धा. आजी-आजोबांना अशी दहा शब्दांची यादी आधीच देऊन ठेवा, उपाहारगृहात त्यांचा वेळ चांगला जातो. भाषेचा स्वतंत्र धागा कोणी काढल्यास तेथे अधिक लिहीन, येथे बोटीवरून घसरायला नको.

कडेलोट

माझे मत वेगळे आहे. ही गुहा आता इतकी प्रसिद्ध झाली आहे की सकाळी नऊनंतर तिच्या तोंडाशी बोटींची रांग असते. आत मिळतात दोन-तीन मिनिटे, आणि त्या दोन-तीन मिनिटांत प्रत्येक जण फोन वर धरून उभा असतो. त्यापेक्षा कड्यावरून चाला. मारिन्याच्या पुळणीपासून व्हाले सेन्तियानेशपर्यंत सुमारे सहा किलोमीटरची पायवाट आहे, तिचे नाव सात लोंबत्या दऱ्यांची वाट. ओढ्यांनी दरी कोरण्यापेक्षा वेगाने समुद्राने कडा मागे ढकलला, म्हणून या दऱ्या समुद्रापर्यंत न उतरता हवेतच संपतात. वाटेवर बेनाजिलच्या गुहेचा डोळा वरून दिसतो. त्याभोवती कुंपण आहे. पैसे लागत नाहीत आणि उलटीही होत नाही.

रानवारा

कडेलोट, शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने चढउताराची सहा किलोमीटर खडकाळ वाट? आणि वरून दिसतो तो केवळ एक काळा खड्डा. सदस्यनाम सार्थ केलेत.

कडेलोट

सगळी वाट चालायलाच हवी असे मी म्हटलेले नाही. मारिन्याच्या वाहनतळापासून काही मिनिटांवर दुहेरी कमान दिसते, तेवढे आईंना सहज जमेल. आता कड्याचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. २१ ऑगस्ट २००९ रोजी आल्बुफैराजवळच्या मारिया लुईझा पुळणीवर कड्याचा भाग कोसळून त्याच्या सावलीत बसलेली पाच माणसे मरण पावली. उन्हात सावली मिळते म्हणून लोक कड्याच्या पायथ्याशी चटई अंथरतात, आणि आपण तर सावली शोधण्यात पटाईत. तेथे दरडीच्या धोक्याचे फलक असतात. कड्याच्या उंचीच्या दीडपट अंतर राखावे असा नियम आहे. छत्री न्या आणि पाण्याच्या बाजूला बसा. भरतीच्या वेळी अरुंद पुळणीवर एवढी जागाच उरत नाही, तेव्हा अशा पुळणीवर ओहोटी असतानाच जावे.

भूस्तर

कडेलोट यांच्या या सूचनेला पूर्ण अनुमोदन. जो दगड गुहा तयार करतो तोच कोसळतो. गर्दीच्या गुहेत उतरायला बंदी होण्यामागे हेही एक कारण मानायला हरकत नाही.

गोमू

कोणी लागुशचा उल्लेख केला नाही याचे आश्चर्य वाटले. पश्चिमेकडील लागुश गावाच्या टोकाला पोन्ता दा पियेदाद आहे, तेथे एकच मोठी गुहा नसून कमानी, बोगदे आणि सुळके यांची दाटी आहे. अगदी लहान बोटी त्यांतून वळणे घेत जातात आणि तांडेल प्रत्येक खडकाला हत्ती, उंट असे काही तरी नाव देतो. गर्दी तेथेही असते, पण एकाच दारापुढे रांग लागत नाही. फक्त दीपगृहाजवळून पाण्यापर्यंत उतरणाऱ्या सुमारे १८० पायऱ्यांच्या वाटेला आईंना नेऊ नका. गावातल्या मरिनातून बोट घ्या. आल्बुफैराहून मोटारीने जेमतेम तासाभराचा रस्ता आहे.

परतल्यावर गावात पायी फिरा. ऑगस्ट १४४४ मध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेल्या २३५ माणसांना याच गावात उतरवून त्यांची वाटणी करण्यात आली होती, आणि तेथे गुलामांच्या बाजाराचे लहानसे संग्रहालय आहे. अकरा वर्षांच्या मुलीला ते दाखवावे असे मला वाटते. त्या दिवशी सकाळी निळ्याशार पाण्यात हत्ती-उंट पाहून हसलेली माझी मुलगी दुपारी त्या संग्रहालयातून बाहेर पडल्यावर बराच वेळ बोलली नाही.

सोनचाफा

सर्वांचे मनापासून आभार. धागा काढला तेव्हा प्रश्न बोटीच्या आकाराचा आहे असे मला वाटत होते, दर्यावर्दी यांनी तो चढण्याच्या जागेचा आहे हे दाखवून दिले. मुलीला उतरण्याच्या बंदीबद्दल सांगितले, तिने एक दिवस अबोला धरला आणि मग फ्रिजवरचे चित्र स्वतःच काढून टाकले. पोर्तिमांवच्या मरिनातून सकाळची लहान बोट ठरवत आहे. एकच शंका उरली आहे. आईने ऐन वेळी नकार दिला, तर तिच्यासाठी पाण्यावरचा काही सोपा पर्याय आहे का?

शिंपला

आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. फारोच्या आसपास किनारा पूर्ण बदलतो. कडे संपतात आणि रिया फोर्मोझा नावाचे खाजण सुरू होते, ज्याच्या बाहेरच्या अंगाला वाळूची लांब बेटे आहेत. ओल्यांव गावातून आर्मोना आणि कुलात्रा या बेटांकडे साधी प्रवासी फेरीबोट जाते, आपल्याकडच्या खाडी ओलांडायच्या तरीसारखी, ज्यात गावातले लोक भाजीच्या पिशव्या घेऊन बसतात. पाणी संथ, चढणे सोपे. आर्मोनाला साधारण वीस मिनिटांत पोहोचता येते. तेथे गुहा नाहीत, पण पुळणीवर सावलीसाठी कड्याखाली बसण्याचा मोहही नाही. खाजणाच्या बाजूचे पाणी उथळ असल्याने सहा वर्षांच्या मुलाला खेळायलाही तेच बरे. मे महिन्यात समुद्राचे पाणी १७-१८ अंशांच्या आसपास असते, म्हणून कृष्णेत पोहणाऱ्या बाबांना तेवढी पूर्वसूचना द्यावी.

गलबत

शिंपला यांच्याशी सहमत, पण एक दिवस आधी नको. आईंनी आधी फेरीबोट पाहिली तर त्या लहान बोटीत पाऊल ठेवणार नाहीत.

सोनचाफा

परवा परतलो. ज्यांनी एवढ्या आस्थेने लिहिले त्यांना वृत्तांत देणे माझे कर्तव्य आहे.

पहिल्या दिवशीची फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली, म्हणजे दर्यावर्दी यांचा सल्ला पहिल्याच सकाळी कामाला आला. तिसऱ्या दिवशी साडेआठला निघालो. तरंगत्या धक्क्यावरून आई एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्याने मदतनिसाचा हात धरून आत आली, गुडघा फारसा वाकवावा लागला नाही. आराद नदीच्या मुखातून बाहेर पडताना डावीकडे फेरागुडू गावाची पांढरी घरे उन्हात चमकत होती. पुढे कड्यांच्या कडेकडेने, मधल्या लहान गुहांत डोकावत बेनाजिलपर्यंत गेलो. ओहोटी लागून तीनेक तास झाले होते.

आत आमच्याखेरीज एकच बोट होती. तांडेलाने यंत्र अगदी मंद केले. मुलीने छायाचित्र काढले, पण वाळूचे नाही. पाण्यावरून परावर्तित होऊन छतावर हलणाऱ्या उजेडाचे. ते आता फ्रिजवर आहे. आईने मात्र डोळ्याकडे पाहिलेच नाही. ती भिंतीतल्या कपारींकडे बोट दाखवून मला म्हणाली, “अगं, हे तर आपले पारवे!” आणि खरोखरच तेथे पारवे होते, साताऱ्यातल्या वाड्याच्या वळचणीला असतात तसेच, राखाडी, मानेवर हिरवी झळक असलेले. भूस्तर यांना हे विचारायचे होते की ते तेथे मुळातले आहेत का.

भूस्तर

मुळातलेच. सागरी कडे आणि त्यांतल्या कपारी हे पारव्याचे जुने घर आहे. वाडे आणि इमारती त्याने नंतर कडे समजून स्वीकारल्या. आईंनी योग्य जागी पाहिले.

कडेलोट

वाट चाललात का?

सोनचाफा

मारिन्याच्या दुहेरी कमानीपर्यंत सर्व जण गेलो. पुढे बेनाजिलपर्यंत मी एकटीच चालत गेले. डोळा वरून पाहिला आणि रानवारा यांच्याशी सहमत झाले.

तिरफळ

कयाक?

सोनचाफा

वाटाड्याबरोबरच्या गटातून यजमान आणि मुलगी गेले. वाटाड्याने अर्ध्या वाटेवर त्यांच्या कयाकला दोरी बांधून ओढत नेले, असे मुलीचे म्हणणे आहे. यजमानांच्या म्हणण्यानुसार ती सर्वांच्या सुरक्षिततेसाठीची नेहमीची पद्धत आहे.

दर्यावर्दी

सर्व छान झाले हे वाचून समाधान वाटले. मुलाला बोट लागली का, ते मात्र तुम्ही लिहिले नाही. आलेपाकाचा उपयोग झाला का?

सोनचाफा

मुलाला अजिबात लागली नाही. तो मागे, मधोमध, क्षितिजाकडे पाहत आलेपाक चघळत बसला होता. बाबा नाळेजवळ बसले होते. बादली आईने धरली.